पाण्याने सोडलेले खांब

मोनो सरोवराच्या दक्षिण काठावर गाडी लावून पाण्याकडे चालू लागलं की वाटेत पाट्या भेटतात. अमुक साली पाणी इथवर होतं, एवढंच त्या सांगतात. पाट्या मागे पडतात, पाणी पुढेच राहतं. कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, सिएरा नेवाडाच्या पर्जन्यछायेतल्या या वैराण मुलुखात लोक जे खांब पाहायला येतात, ते सरोवराच्या जुन्या तळावर उभे आहेत.

या खांबांना टूफा म्हणतात. तळाशी गोड्या पाण्याचे झरे फुटतात. त्यांतलं कॅल्शियम सरोवरातल्या कार्बोनेटला भेटलं की चुनखडी तयार होते आणि थरावर थर चढत जातो. हे काम पाण्याखालीच चालतं. म्हणजे कोरड्यात उभ्या असलेल्या प्रत्येक खांबाची वाढ थांबलेली आहे. काही खांब ३० फुटांच्या आसपास उंच आहेत. त्यांचा लहानसा तुकडाही उचलून नेणं गुन्हा आहे.

लोणार पाहिलेल्याला हे पाणी ओळखीचं वाटेल: खारट आणि सोड्याचं. लोणारचं विवर अशनीने केलं, मोनोचं खोरं भूकवच खचून झालं. पण दोन्हीकडे पाणी आत येतं आणि उन्हाने उडून जाण्यापलीकडे त्याला वाट नाही. मोनो किमान ७,६०,००० वर्षं क्षार साठवत आलं आहे. त्यात मासा जगत नाही. जगते ती नखाएवढी कोळंबी आणि काठावर काळा पट्टा धरणारी माशी. ही माशी अंगाभोवती हवेचा बुडबुडा घेऊन पाण्याखाली चालते. इथले मूळ रहिवासी कुट्झाडिका पायूट तिचे कोष वाळवून खात आणि त्यांचं नावही त्यावरूनच पडलं. याच दोन जिवांवर हजारो कुरव इथे पिल्लं वाढवतात आणि शरद ऋतूत लाखो टिबुकल्या दक्षिणेच्या प्रवासाआधी पोट भरून घेतात.

१९४१ साली शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहराने सरोवराला मिळणारे ओढे वळवायला सुरुवात केली. १९८२ पर्यंत पातळी ४५ फूट खाली गेली, पाणी निम्मं झालं, खारटपणा दुप्पट. सरोवरातल्या नेगिट बेटापर्यंत जमीन उघडी पडली आणि कोल्ह्यांसारखे कोयोटी चालत कुरवांच्या घरट्यांपर्यंत पोचले.

१९७६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने इथे मुक्काम ठोकून सरोवराचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी डेव्हिड गेन्स यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह मोनो लेक कमिटी उभी केली. पक्ष्यांसाठी काम करणारी ऑडुबॉन सोसायटी कोर्टात गेली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी जलसंपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते आणि पाण्याचे जुने हक्कही त्या कसोटीवर पुन्हा तपासता येतात. बियास नदीकाठच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये हेच विश्वस्ततेचं तत्त्व स्वीकारलं, तेव्हा या निकालाचा आधार घेतला. आपल्या नद्या-तळ्यांसाठी भांडणाऱ्या प्रत्येकावर या दूरच्या सरोवराचं ऋण आहे.

आज टूफांचा भाग राज्याचं राखीव क्षेत्र आहे आणि भोवतालच्या खोऱ्याला १९८४ पासून केंद्राचं संरक्षण आहे. दक्षिणेची टूफावाट तासाभरात होते. उत्तरेला दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते. पॅनम या कोवळ्या ज्वालामुखीच्या कडेवरून फिरताना पायाखाली काचेसारखा काळा ऑब्सिडियन चमकतो. छोटी होडी घालता येते, मात्र १ एप्रिल ते १ ऑगस्ट बेटांच्या मैलभर परिसरात जायला मनाई असते. तेव्हा तिथे कुरवांची पिल्लं असतात.

१९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने सरोवर समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत भरू द्यायचं ठरवलं. ती पातळी अजून गाठलेली नाही. ती गाठली तर फोटोंतले काही खांब पुन्हा बुडतील, काही लाटांनी कोसळतील. इथे येणाऱ्याने तेच मागावं. पुढच्या पिढीला चार खांब कमी दिसले तरी चालतील; पण वाटेवरची एखादी पाटी पाण्यात उभी दिसली पाहिजे.