पहिला पवित्रा

पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या परिसरात वसलेले पिंपरी-चिंचवड आज कारखान्यांचे नगर म्हणून ओळखले जाते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधे बनविणारी कंपनी स्थापन झाली. पुढे आसपासच्या माळरानावर एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि उद्योगांची ही रांग थेट चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. कामाच्या शोधात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यामुळे जुन्या गावठाणातील मारुतीच्या देवळाजवळ तालीम आढळते, तशीच नव्या वसाहतीत कराटे, ज्यूदो, तायक्वांदो किंवा मुष्टियुद्ध शिकविणारी शाळाही आढळते.

अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शरीर कमावण्याची आणि स्वसंरक्षणाची विद्या शिकावीशी वाटली, तर पहिला प्रश्न मनात येतो तो असा: या सर्वांत श्रेष्ठ विद्या कोणती? परंतु हा प्रश्नच मुळात बरोबर नाही. सुताराच्या पेटीत करवत श्रेष्ठ की रंधा श्रेष्ठ, असे कोणी विचारीत नाही. प्रत्येक विद्येचा गुण निराळा असतो. तो ओळखून आपल्याला साजेशी विद्या निवडणे, हाच खरा पहिला पवित्रा होय.

महाराष्ट्राची आवडती विद्या कुस्ती. तालमीतील तांबडी माती चाळून तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबाचा रस असे पदार्थ मिसळतात. त्यामुळे ती मऊ राहते. नवा मुलगा आला की त्याला वस्ताद लगेच लढावयास लावीत नाहीत. आधी जोर, बैठका आणि माती उकरणे. मग पडावे कसे, तोल सांभाळावा कसा आणि शेवटी डाव. कुस्तीत ठोसा किंवा लाथ मारावयाची नसते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला चितपट करावयाचे असते.

आता मोठ्या स्पर्धा गादीवर होतात. मातीत पाय रुततो, तर गादीवर चपळाई अधिक लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी त्यांना नवखी होती. तरीही त्यांनी सहावे स्थान मिळविले. त्यानंतर त्यांनी आपल्यातील उणीव ओळखून कसून सराव केला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खाशाबा अंगाने धिप्पाड नव्हते. चपळाई आणि डावपेच हे त्यांचे बळ होते. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील शिवराज राक्षे यांनी जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्याही कुस्त्या होतात. म्हणून ही विद्या केवळ मुलांची, असे मुळीच नाही.

मल्लखांब ही कुस्तीची सखी. गुळगुळीत लाकडी खांबावर एरंडेल लावून त्यावर नाना प्रकारच्या उड्या, पकडी आणि आसने करतात. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले. येथे समोर प्रतिस्पर्धी नसतो. ज्याला झुंजीची भीती वाटते, पण अंग लवचीक आणि मन धीट करावयाचे आहे, त्याच्यासाठी मल्लखांब उत्तम.

लाठी, दांडपट्टा, फरीगदगा यांना मर्दानी खेळ म्हणतात. १६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला सुमारे दोन महिने थोपवून धरले. त्या काळच्या शस्त्रविद्येची आठवण हे खेळ करून देतात. नवशिक्याने आरंभ लाठीपासून करावा. लाठीमुळे पायांची चाल आणि नजर तयार होते.

परदेशांतून आलेल्या विद्यांचीही अशीच वैशिष्ट्ये आहेत. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली. ज्यूदोत पहिला धडा असतो तो इजा न होता पडण्याचा. कराटेचा उगम ओकिनावा बेटांत झाला. त्यात हात व पाय यांचे आघात ठरावीक क्रमाने घोटून घेतात. कोरियाच्या तायक्वांदोत लाथेला अधिक महत्त्व आहे. मुष्टियुद्धात दम आणि चपळता वाढते. परंतु डोक्याला मार बसण्याचा धोका असल्याने लहान वयात विशेष जपावे लागते.

मग निवड कशी करावी? प्रथम आपला स्वभाव पाहावा. अंगाला अंग भिडविणे आवडत असेल तर कुस्ती किंवा ज्यूदो; एकट्याने घोटून घोटून अचूकता साधणे आवडत असेल तर मल्लखांब किंवा कराटे. दमा किंवा जुनी दुखापत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

त्याहून महत्त्वाचा असतो तो गुरू. नाव नोंदविण्यापूर्वी आईवडिलांना बरोबर घेऊन एकदोन दिवस नुसते बसून पाहावे. शिक्षक समान वजनाच्या मुलांची जोड लावतात काय? कोणी हात आपटून ‘पुरे’ अशी खूण केली, की झुंज तत्काळ थांबते काय? खाली माती भुसभुशीत किंवा गादी जाड आहे काय? पालकांनी पाहावयास बसलेले शिक्षकांना चालते काय? मुलांना उपाशी ठेवून वजन उतरविण्यास सांगणारा, किंवा थोड्याच महिन्यांत काळा पट्टा देण्याचे वचन देणारा गुरू टाळावा. पट्ट्याचा रंग बदलल्याने हाताला बळ येत नसते.

अंतराचाही विचार करावा. कारखान्यांच्या पाळ्या सुटताना या भागातील रस्ते वाहनांनी तुंबतात. दूरच्या नामांकित शाळेत चार दिवस जाण्यापेक्षा जवळच्या साध्या तालमीत चार वर्षे जाणे अधिक हिताचे.

मात्र शाळेत कोणी त्रास दिला, त्याचा सूड घ्यावा, एवढ्याच हेतूने या वाटेस जाऊ नये. संकट आले असता तेथून निघून जाणे आणि मोठ्यांना सांगणे, हाच संरक्षणाचा पहिला उपाय होय. तालमीत कुस्ती सुरू होण्यापूर्वी मल्ल परस्परांच्या हाताला हात लावून सलामी देतात. ज्याच्याशी झुंजावयाचे त्याचाही मान राखावयाचा, असा त्या सलामीचा अर्थ आहे. जी विद्या आणि जो गुरू हा अर्थ शिकवील, ती विद्या आपली आणि तो गुरू आपला.