गिअरच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज: आरमोरी ते गडचिरोली

आरमोरी ते गडचिरोली हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर गिअरची गाडी किती इंधनात कापते, हे इंजिनाइतकेच चालकाच्या उजव्या पायावर अवलंबून असते. रस्ता जवळपास सपाट. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये जंगलाचे पट्टे, ठाणेगाव आणि पोर्ल्यासारखी रस्त्यालगतची गावे आणि गडचिरोलीच्या अलीकडे कठाणी नदीचा पूल. एकच गाडी, तेवढीच माणसे आणि हाच रस्ता असूनही चालक बदलला की अ‍ॅव्हरेज बदलते.

पहिला गिअर गाडी जागची हलवण्यापुरता असतो. चाके फिरू लागताच दुसरा, आणि पुढचे गिअरही इंजिन ओरडण्याआधी पडावेत. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या मिनिटाला साधारण २००० ते २५०० फेऱ्यांवर आणि डिझेल गाडीत १५०० ते २००० फेऱ्यांवर गिअर बदलणे योग्य ठरते. फेऱ्या कमी म्हणजे इंजिनाच्या आतले घर्षण कमी. शिवाय पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असताना हवा ओढून घेण्यातच बरीच शक्ती खर्च होते. वरच्या गिअरमध्ये ती झडप जास्त उघडी राहते. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर नुसता चोळत रेंगाळण्यापेक्षा बऱ्यापैकी दाबून वेग घ्यावा आणि लगेच वरचा गिअर टाकावा. मात्र गाडी थरथरू लागली, ठोके देऊ लागली, तर एक गिअर खाली यायलाच हवे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे सर्वांत वाईट: इंधनही जळते आणि क्लच प्लेटही.

खरी बचत ब्रेकपाशी आहे. १००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरने धावताना तिच्यात सुमारे २०० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक मारून गाडी थांबवली की ती सगळी उष्णता होऊन उडून जाते. इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते, हे धरले तर पुन्हा तोच वेग गाठायला जवळपास २५ मिलिलिटर पेट्रोल लागते. या रस्त्यावर असे प्रसंग कमी नाहीत. गावोगावचे गतिरोधक, सांजवेळी घरी परतणारी गुरे, सुगीत डांबरावर वाळत घातलेले धान, मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली मोहफुले वेचणारी माणसे. जाणता चालक हे सारे दुरूनच पाहतो आणि ब्रेककडे पाय नेण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. गाडी गिअरमध्येच असते. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये अशा वेळी संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. फेऱ्या १००० ते १५०० च्या आसपास उतरल्या की पुरवठा पुन्हा सुरू होतो.

उतारावर न्यूट्रल केल्याने इंधन वाचते, हा समज कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांपासून चालत आलेला आहे आणि अजून सुटलेला नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे इंधन लागतेच. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना लागणाऱ्या बेडगावच्या घाटासारख्या ठिकाणी तर ही सवय जिवावर बेतू शकते. इंजिनाचा आवर नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. चावी बंद करून गाडी सोडली, तर काही दाबांनंतर ब्रेकची मदत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर, एवढाच नियम पाळावा.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ८० वर गेल्यास तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवते. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर अंधार पडल्यावर तो जनावरांसाठी आणि माणसांसाठीही बरा. टपावरचे रिकामे कॅरिअरसुद्धा हवा अडवते, तेव्हा गरज संपली की ते काढून ठेवावे.

चाकातली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापमान १० अंशांनी वाढले की दाब दीड-दोन पीएसआयने वाढलेला दिसतो. दुपारी तो पाहून हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो आणि गाडी जड चालते. वाट पाहत उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. प्रवासी यायचे असतील तोवर ते बंदच असावे.

या साऱ्याचा परिणाम डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा टाकीवरून नीट कळतो. एका पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरावी. मधल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागले की अ‍ॅव्हरेज मिळते. एका टाकीवर विसंबू नये; भार, पाऊस आणि रस्त्यावरचा चिखल यांनी आकडा हलतो, म्हणून सलग तीन-चार टाक्यांची सरासरी धरावी.