मरणाची भिशी

रोमच्या आग्नेयेला, आल्बन टेकड्यांच्या उतारावर लानूव्हिओ नावाचं गाव आहे. जुन्या काळी त्याला लानूव्हियम म्हणत. १८१६ साली तिथे एक संगमरवरी शिलालेख सापडला आणि अक्षरं लावून झाल्यावर त्यातून बाहेर आली चक्क एका भिशीची नियमावली! साल इसवी सन १३६, सम्राट हेड्रियनचा काळ. सभासद गावातली साधी माणसं. त्यांच्यात गुलामही होते. आणि पैसे कशासाठी जमवायचे, तर ज्याच्या त्याच्या अंत्यविधीसाठी.

नियम सुरू होण्याआधी नव्या सभासदाला बजावलं आहे, की आधी सगळं नीट वाच, मगच नाव घाल. मागाहून तुझी कुरकुर नको आणि वारसांच्या गळ्यात भांडणही नको. एखाद्या पतपेढीतला जुना, सचोटीचा कारकूनच समोर बसून बोलतो आहे असं वाटतं.

आता हिशेब पाहा. नाव घालताना सेस्टर्स नावाची १०० नाणी आणि चांगल्या वाइनचा एक कुंभ, म्हणजे सुमारे २६ लिटर. मग दरमहा 'आस' नावाची तांब्याची ५ नाणी. असे ४ आस म्हणजे १ सेस्टर्स, तेव्हा वर्षाची वर्गणी झाली १५ सेस्टर्स. सभासद वारला की मंडळाच्या पेटीतून त्याच्या क्रियाकर्मासाठी ३०० सेस्टर्स निघत. प्रवेशाची रक्कम धरली तर १३ वर्षं ४ महिने वर्गणी भरल्यावर हिशेब बरोबरीत येतो. त्याआधी जो गेला त्याच्या चितेला इतरांनी हातभार लावला. जो त्याहून जास्त जगला त्याने इतरांच्या चितेला लावला. आपल्या भिशीत चिठ्ठी निघते, इथे नंबर मृत्यू लावायचा. आयुर्विम्याचं सगळं मर्म या एका पेटीत होतं!

एवढी धडपड कशासाठी? रोममध्ये श्रीमंतांच्या कबरी हमरस्त्यांच्या दुतर्फा दिमाखात उभ्या असत. ज्याचं कुणी नाही त्याच्या वाट्याला मात्र एके काळी एस्क्विलिन टेकडीवरचे सामाईक खड्डे येत. एकोणिसाव्या शतकात रोममध्ये खोदकाम झालं तेव्हा ते खड्डे उजेडात आले. योग्य संस्कार झाले नाहीत तर मृताला शांती नाही, ही त्या समाजाची श्रद्धा होती. त्यामुळे गरिबाला मरणाइतकीच मरणानंतरच्या बेवारसपणाची धास्ती असे.

पण चार माणसांनी एकत्र येणं तेव्हा सोपं नव्हतं. हेड्रियनच्या आधीचा सम्राट ट्रेजन. निकोमेडिया शहरात मोठी आग लागल्यावर प्लिनी या त्याच्या अधिकाऱ्याने १५० जणांचं अग्निशामक पथक उभारायची परवानगी मागितली. ट्रेजनने ती नाकारली. अशा संघटनांमधून पुढे राजकारण शिजतं, ही त्याची भीती. त्याच साम्राज्यात अंत्यविधीच्या वर्गणीसाठी महिन्यातून एकदा जमायला मात्र मुभा होती. सीनेटचा तो ठराव लानूव्हियमच्या लोकांनी याच दगडावर कोरून ठेवला. आग विझवायला जमण्याची परवानगी नव्हती. चिता पेटवायला होती.

मी सर्वांत जास्त थबकलो तो ३०० सेस्टर्सच्या विभागणीपाशी. त्यातले ५० बाजूला काढायचे आणि चितेपाशी आलेल्यांना वाटायचे. अंत्ययात्रेला सगळ्यांनी पायी जायचं. म्हणजे एकूण रकमेचा सहावा हिस्सा निव्वळ माणसांच्या सोबतीसाठी! आणि सभासद गावापासून २० रोमन मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरच्या पुढे वारला आणि निरोप पोचला, तर मंडळाने तिघांना निवडून तिकडे पाठवायचं. त्या तिघांना प्रत्येकी २० सेस्टर्स वाटखर्च. परत आल्यावर पैशांचा चोख हिशेब द्यायचा. लबाडी सापडली तर चौपट दंड.

मरणासाठी जमलेली ही माणसं जिवंतपणी एकत्र जेवायलाही बसत. वर्षात सहा पंगती. चार-चार सभासदांनी पाळीपाळीने यजमान व्हायचं. वाइन, पाव, चार तारल्या आणि गरम पाणी यांची सोय करायची. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन गोंधळ घातला तर ४ सेस्टर्स दंड, कुणाला शिवीगाळ केली तर १२. तक्रारी असतील त्या कामकाजाच्या बैठकीत मांडायच्या, सणाच्या दिवशी आनंदाने जेवायचं. शेवटच्या प्रवासात कोण आपल्यामागून चालणार, हे या पंगतीत आधीच डोळ्यांसमोर बसलेलं असे.

गुलामांसाठी दोन वेगळे नियम आहेत. पहिला असा, की सभासद गुलाम मुक्त झाला तर त्याने मंडळाला चांगल्या वाइनचा एक कुंभ द्यायचा. एकाच्या सुटकेचा आनंद साऱ्या पंगतीने प्यायचा!

दुसरा नियम वाचून गळा दाटतो. सभासद गुलाम मेला आणि मालकाने किंवा मालकिणीने अन्यायाने त्याचा देह द्यायला नकार दिला, तर मंडळ देहाविना, प्रतिमेची अंत्ययात्रा काढील. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करून अग्नी देण्याची रीत आपल्याकडेही आहे. तिथे देह हरवलेला असतो. लानूव्हियममध्ये तो समोरच्या वाड्यात असे आणि कायद्याने मालकाचा असे. मालकाशी झगडण्याची ताकद या माणसांत नव्हती. पण त्या गुलामाने दरमहा पाच नाणी भरली होती, पंगतीला बसून तारल्या खाल्ल्या होत्या. म्हणून ठरलेल्या दिवशी ते सगळे निघत, प्रतिमेच्या तिरडीमागून, पायी.