तोंडी परीक्षा आणि तोंडपाठ उत्तरे

इंदूर हे नगर महाराष्ट्राबाहेर असले, तरी मराठी माणसाला ते परके वाटत नाही. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी घराणी नांदत आली आहेत. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वस्त्यांत घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, खेड्यांतून बाजारास आलेल्या माणसांच्या तोंडी माळवी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषा कानांवर पडतात. रात्री सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस घ्यावयास गेलेले मराठी घरातील मूल दुकानदाराशी सहज हिंदीत बोलते. ती हिंदी त्याच्याकडून कोणी पाठ करून घेतलेली नसते. बोलता बोलता, चुकता चुकता ती त्याच्या जिभेवर बसलेली असते.

हे सांगण्याचे कारण असे की, याच इंदुरात विजयनगर, गीताभवन, भंवरकुआ या भागांत शिकवणी वर्गांच्या पाट्यांची दाटी झाली आहे, आणि इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत यश मिळवून देण्याचे आश्वासन देणारे वर्गही आता अशा प्रत्येक नगरात असतात. परदेशी जाऊन शिकावयाचे किंवा रुग्णसेवा करावयाची, तर या परीक्षेचा उंबरठा ओलांडावा लागतो. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांना हा विषय जिव्हाळ्याचा आहे. कारण परिचारिकेचे काम आपल्या पुष्कळ घरांत आईकडून लेकीकडे आलेले आहे. मुलीच्या परीक्षेसाठी कोठे बापाने कर्ज काढलेले असते, तर कोठे आईने पाटल्या गहाण ठेवलेल्या असतात. परीक्षेचे शुल्कच पंधरा हजार रुपयांच्या वर आहे, आणि हवी ती श्रेणी न मिळाली तर ते पुन्हा भरावे लागते. तेव्हा उत्तरांचा सराव कसा करावा, याचा विचार खेड्यातील आईबापांनीही करणे अगत्याचे आहे.

या परीक्षांमध्ये सर्वांत नावाजलेली म्हणजे आयेल्ट्स. ती 1989 साली सुरू झाली. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी तिची चार अंगे असून 0 ते 9 पर्यंत श्रेणी दिली जाते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नाव नोंदवावयाचे, तर तेथील परिचर्या परिषद बोलण्यात 7 ही श्रेणी मागते. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. पहिली चार-पाच मिनिटे परीक्षक घर, गाव, काम, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न विचारतो. मग एक कार्ड हाती देतो. त्यावरील विषयाचा एक मिनिट विचार करून उमेदवाराने एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलावयाचे असते. शेवटी त्याच विषयाला धरून चार-पाच मिनिटे अधिक खोल चर्चा होते. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखेच वजन असते.

आता अडचण येते ती येथेच. विषयांची यादी करून प्रत्येकाचे गुळगुळीत उत्तर विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, असा काही शिकवणीदारांचा परिपाठ असतो. मुलगी बिचारी रात्र रात्र जागून ती उत्तरे घोकते. परीक्षकाने गावाविषयी विचारले की, ‘माझे गाव निसर्गसौंदर्याने नटलेले असून शहराच्या गजबजाटापासून दूर आहे,’ असे इंग्रजी वाक्य ती घडाघडा म्हणून टाकते. परीक्षक मान डोलावतो आणि विचारतो, ‘बरे, मग तुमच्या गावात दहा वर्षांत काय बदलले?’ हा प्रश्न वहीत नसतो. मघाशी धावणारी जीभ तेथे जागच्या जागी थांबते. अशी उत्तरे परीक्षकाने शेकडो वेळा ऐकलेली असतात. घोकलेले बोलणे ओळखण्याचे शिक्षणच त्याला दिलेले असते. परीक्षेच्या प्रसिद्ध झालेल्या श्रेणीवर्णनात ‘पाठ केलेली वाक्ये’ हे शब्द सापडतात ते अगदी खालच्या पायऱ्यांवर. म्हणजे ज्या शिदोरीवर मुलगी विसंबून गेली, तीच तिला जड होते.

पाठांतर सर्वथा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. प्रार्थना आपण पाठच करतो, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरेही लहानपणी पाठ केलेली आहेत. परंतु प्रायश्चित्त संस्कारास गेल्यावर दुसऱ्याच्या पापांची यादी पाठ म्हणून कोणाचे काम भागते काय? तेथे स्वतःचेच सांगावे लागते, मग शब्द अडखळले तरी चालतात. तोंडी परीक्षेचेही असेच आहे. शब्द, म्हणी, वाक्याची घडण ही सामग्री जरूर पाठ करावी; उत्तर मात्र आपले स्वतःचे असावे.

उच्चाराची भीती अनेकांना वाटते. साहेबासारखे नाकातून बोलता आले पाहिजे, अशी समजूत करून घेऊन मुले आपली वाणी बिघडवतात. परीक्षकाला पाहिजे असते ते एवढेच की, बोललेले सहज कळावे. संत पेत्राच्या बोलीवरून तो गालीलचा आहे, हे महायाजकाच्या वाड्यातील लोकांनी ओळखले होते. तरीही त्याच मुखाने पुढे जगाला सुवार्ता सांगितली. आपल्या इंग्रजीत आपल्या मातीचा सूर उमटला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. शब्द गिळू नये, घाईने बोलू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे.

परकी भाषा आपलीशी कशी होते, याचे उदाहरण आपल्याच धर्मसभेच्या इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. या चाळीस वर्षांत त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले आणि मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण लिहिले. ते 1616 साली छापले गेले. एका इंग्रजाने लोकांत राहून आपली मराठी एवढी आत्मसात केली. मग आपल्या मुलांना दोन मिनिटे इंग्रजीत आपल्या आईविषयी बोलता येणार नाही, असे कोण म्हणेल?

सरावासाठी प्रत्येकाने इंदूरलाच गेले पाहिजे, असे नाही. तो घरीही होऊ शकतो, आणि आईबापांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. संध्याकाळची रोजरी झाल्यावर पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. वडिलांनी मराठीत प्रश्न विचारावा : आज शेतात काय केलेस? तुला शिकवणाऱ्यांपैकी कोण आठवते, आणि का? मुलीने इंग्रजीत उत्तर द्यावे. धाकट्या भावाने हाती घड्याळ घेऊन दोन मिनिटे मोजावीत. उत्तराच्या शेवटी वडिलांनी ‘का?’ आणि ‘मग पुढे?’ एवढे विचारावयास विसरू नये. कारण खरी परीक्षा या दोन प्रश्नांतच आहे. विहिरीचे पाणी आटले तो उन्हाळा, सणाच्या दिवशी गजबजलेले चर्चचे आवार, आजीचे आजारपण, असे स्वतः पाहिलेले व भोगलेले विषय घ्यावेत. त्यांविषयी बोलताना शब्द कमी पडला, तर तो शोधून वहीत टिपावा आणि दुसऱ्या दिवशी वापरावा. आठवड्यातून एकदा आपले बोलणे मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून ऐकावे. कोठे थांबलो, कोणता शब्द दहादा आला, हे आपल्या कानांनाच कळते. रविवारचे शुभवर्तमान इंग्रजीत मोठ्याने वाचून त्याचा सारांश आपल्या शब्दांत सांगणे, हाही उत्तम अभ्यास आहे. मुलगी अडखळली तर घरच्यांनी हसू नये. मोशेही आपण जड जिभेचे आहोत, असे म्हणत होता; देवाने त्याच्या सोबतीला अहरोन दिला. घरातील माणसांनी अहरोन व्हावे.

परिचारिकांसाठी ओईटी नावाची दुसरी एक परीक्षा आहे. तीत बोलण्याच्या भागात रुग्णाशी किंवा त्याच्या नातलगाशी होणारे दोन संवाद प्रत्यक्ष करून दाखवावे लागतात. प्रत्येकाच्या तयारीस तीन मिनिटे आणि बोलण्यास सुमारे पाच मिनिटे मिळतात. परिचारिकेने रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतले का, त्याची भीती ओळखली का, हेही तेथे तपासतात. परीक्षा घेणाऱ्यांनी हे योग्यच केले आहे. मध्यरात्री वेदनेने तळमळणारा म्हातारा परिचारिकेला जे विचारील, ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसेल. पाठ केलेल्या उत्तरावर कदाचित एखादी श्रेणी मिळून जाईल. पण त्या खाटेजवळ उभ्या असलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

इंदूरच्या धर्मप्रांताने हा धडा रक्ताने गिरवलेला पाहिला आहे. धन्यवादित सिस्टर राणी मारिया केरळात जन्मल्या. माळव्यात उदयनगरच्या परिसरात गरीब शेतकऱ्यांमध्ये, त्यांना समजेल अशा भाषेत बोलत त्या वावरल्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसच्या प्रवासात त्यांची हत्या झाली, आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्यांची सेवा करावयाची त्यांची भाषा त्यांनी जवळ केली होती, म्हणून त्यांचे शब्द त्या झोपड्यांत पोहोचले.

आमच्या तरुण वाचकांनी परीक्षेस अवश्य बसावे, आणि आईबापांनी त्यांना दररोज पंधरा मिनिटांचे श्रोते मिळवून द्यावेत. आपण कोणाशी बोलणार आहोत आणि कोणाच्या कामी पडणार आहोत, हे मनाशी ठेवून मुलगी बोलू लागली, म्हणजे कार्डावर कोणताही विषय येवो, सांगावयास तिच्यापाशी काही तरी असेलच.