निबंध तपासणारी माणसं

अमेरिकेतल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, व्हिसा झाला, बॅगेत चटण्या-लोणच्यांसकट सगळं भरून झालं. मग पहिल्या सेमिस्टरचं टाइमटेबल हातात येतं आणि त्यात एक विषय दिसतो, ‘फर्स्ट इयर कंपोझिशन’. म्हणजे इंग्रजी निबंधलेखन. तुम्ही निघालेले असता कॉम्प्युटर सायन्स करायला. दहावीनंतर सुटलो म्हणून ज्याला टाटा केला, तो निबंध इथं परत कशाला, असा प्रश्न पडणारच.

तिथं हा विषय जवळपास सगळ्यांनाच घ्यावा लागतो, मग तुम्ही इंजिनीअर होणार असा नाहीतर नर्स. हार्वर्डने १८८५ मध्ये तो पहिल्या वर्षाला आणला आणि पुढे बाकीच्या कॉलेजांनी उचलला. शंभरेक मुलांच्या लेक्चरमध्ये प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतीलच असं नाही. पण कंपोझिशनचा वर्ग छोटा असतो, पंचवीसच्या आत-बाहेर मुलांचा. मसुदा लिहा, शेजाऱ्याला वाचायला द्या, परत लिहा, मग सबमिट करा, असं सेमिस्टरभर चालतं. त्यामुळे परक्या देशात तुम्हाला नावानं हाक मारणारा पहिला शिक्षक बऱ्याचदा हाच असतो. तो असतो कोण, हे जरा बघू या. कारण इंग्रजीचा शिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जन्मापासून फाडफाड इंग्रजी बोलणारा, कडक इस्त्रीतला माणूस येतो. या विषयाचा इतिहास घडवणारी माणसं मात्र भलत्याच वाटांनी इथं आली आहेत.

शाळा सोडलेले गुरुजी

डोनाल्ड मरे यांचंच बघा. शाळा त्यांनी दोनदा सोडली. दुसऱ्या महायुद्धात ते पॅराशूटने उड्या मारणारे सैनिक होते. नंतर पत्रकार झाले आणि १९५४ मध्ये ‘बोस्टन हेराल्ड’मधल्या अग्रलेखांसाठी त्यांना पुलित्झर मिळालं. मग न्यू हॅम्पशर विद्यापीठात ते लेखन शिकवायला लागले. वृत्तपत्रात बातमी कशी घडते ते त्यांनी पाहिलेलं होतं. कच्चा मजकूर, खाडाखोड, पुन्हा लेखन. वर्गातही त्यांनी तेच आणलं. तयार निबंधाला मार्क देत बसण्यापेक्षा तो लिहिला कसा जातो ते शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. आज तुम्हाला पहिला, दुसरा, तिसरा ड्राफ्ट द्यायला लावतात, त्यामागे मरेंसारख्यांचा हात आहे.

व्हिक्टर व्हियानुएवा हे ब्रुकलिनमध्ये वाढलेले, पोर्तो रिकोहून आलेल्या आई-वडिलांचे चिरंजीव. यांनीही शाळा अर्धवट सोडली, सैन्यात गेले, व्हिएतनाम पाहिलं. परत आल्यावर बाहेरून परीक्षा दिली, साध्या कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात केली आणि थेट पीएचडीपर्यंत पोचले. घरची भाषा एक, गल्लीतली दुसरी, कॉलेजची तिसरी, ही ओढाताण त्यांनी ‘बूटस्ट्रॅप्स’ या १९९३ च्या पुस्तकात मांडली आहे. गावाकडून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

माइक रोझ यांची गोष्ट तर सिनेमात शोभेल. इटलीतून आलेल्या स्थलांतरितांचा हा मुलगा लॉस एंजेलिसच्या कष्टकरी वस्तीत वाढला. शाळेत त्याच्या चाचणीचे मार्क दुसऱ्याच एका रोझशी अदलाबदल झाले आणि याला ‘ढ’ मुलांच्या तुकडीत टाकलं. दोन वर्षं तो तिथंच होता. एका शिक्षकाच्या लक्षात आलं म्हणून सुटका झाली. हाच मुलगा पुढे प्राध्यापक झाला आणि ज्यांना ‘तयारी नसलेले’ म्हणून बाजूला काढलं जातं, अशा विद्यार्थ्यांसोबत आयुष्यभर काम करत राहिला. त्याची आई हॉटेलात वेट्रेस होती. एका वेळी दहा टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवायला किती बुद्धी लागते, हा प्रश्न त्याला सुटला नाही. त्यातून वेट्रेस, सुतार, प्लंबर, केशकर्तनकार यांच्या कामातल्या बुद्धीवर त्याने ‘द माइंड ॲट वर्क’ हे पुस्तक लिहिलं.

चार हजार उत्तरपत्रिका

आता थोडं न्यूयॉर्कला जाऊ. १९७० मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळा पास झालेल्या प्रत्येकासाठी दारं उघडली. आदल्या वर्षी विद्यार्थ्यांनी त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं. घरात ज्यांच्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, अशी हजारो मुलं वर्गात आली. त्यांचे निबंध पाहून काही प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. ‘यांना कॉलेजात घेतलंच कशाला,’ हा सूर आपल्याकडेही अनोळखी नाही.

सिटी कॉलेजमध्ये मिना शॉनेसी यांनी मात्र गठ्ठा पुढ्यात ओढला. त्या साऊथ डाकोटातल्या सोन्याच्या खाणींच्या गावातल्या, कॉलेजात नाटकाकडे ओढा असलेल्या. त्यांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध बारकाईनं वाचले आणि दाखवून दिलं की, या चुका वेंधळेपणाच्या नाहीत. प्रत्येक चुकीमागे विद्यार्थ्याचा काहीतरी हिशेब असतो. तो समजला की शिकवता येतं. ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

त्या काळात सिटी कॉलेजच्या अशाच वर्गांत आणखी कोण शिकवत होतं माहितेय? एड्रियन रिच, ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन. तिघीही पुढे अमेरिकेतल्या महत्त्वाच्या कवयित्री म्हणून गाजल्या. लॉर्ड त्याआधी ग्रंथपाल होत्या. जॉर्डन यांना वास्तुरचनेची इतकी आवड की, बकमिन्स्टर फुलर या नामवंत डिझायनरबरोबर त्यांनी हार्लेम वस्तीच्या पुनर्बांधणीचा आराखडा केला होता.

आपल्याकडेही ही परंपरा आहेच की! विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, भालचंद्र नेमाडे हे तिघंही पोटापाण्यासाठी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि लिहीत होते मराठीत. जीएंना चित्रकलेचा नाद होता. विंदांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणला.

आज वर्गात कोण असतं?

आज अमेरिकेत हा विषय शिकवणाऱ्यांमध्ये पीएचडी करणारे विद्यार्थी खूप असतात. कुणी मध्ययुगीन कवितेवर संशोधन करतंय, कुणी कथालेखनाची पदवी घेऊन पहिली कादंबरी लिहितंय. भारतातून इंग्रजीत पीएचडी करायला गेलेली मुलंमुलीही असतात. म्हणजे अमेरिकन पोरांचं इंग्रजी मराठी मुलगी तपासतेय, हे दृश्य तिथं अजिबात नवलाचं नाही.

दुसरा मोठा गट ‘ॲडजंक्ट’ शिक्षकांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर तासिका तत्त्वावरचे. मानधन प्रत्येक कोर्समागे ठरलेलं आणि पुढच्या सेमिस्टरला काम मिळेल याची खात्री नाही. पोट भरायला हे लोक एका दिवसात दोन-तीन कॉलेजं गाठतात, म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. सीएचबीवर शिकवणारे सर किंवा मॅडम तुमच्या कॉलेजात असतील, तर हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या मसुद्यावर समासात सविस्तर शेरा लिहिणारा माणूस कदाचित रात्री साठावा निबंध तपासत असतो.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं म्हणजे ऑफिस अवर्सना जा. शिक्षकांनी तुमच्यासाठी राखून ठेवलेला हा वेळ असतो आणि आपली मुलं बुजून तो वाया घालवतात. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ असं रडगाणं नको, नेमका परिच्छेद पुढे करा आणि विचारा, ‘इथे काय कळत नाहीये?’ दुसरं, शिक्षकांना त्यांच्याबद्दल विचारा. काय लिहिता, कशावर संशोधन करता? बहुतेकांना हे कुणी विचारतच नाही. तुमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनाही हे विचारता येईल, त्यासाठी अमेरिका गाठायची गरज नाही.

आणि तिसरं आजच करून बघा. पीटर एल्बो हे असेच एक कंपोझिशनवाले. लिहिणं जमेना म्हणून त्यांनी स्वतः हार्वर्डची पीएचडी मध्येच सोडली होती. पुढे दुसऱ्या विद्यापीठातून त्यांनी ती पूर्ण केली आणि १९७३ मध्ये ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ लिहिलं. त्यातला उपाय सोपा आहे. दहा मिनिटांचा टायमर लावायचा आणि हात न थांबवता लिहीत सुटायचं. स्पेलिंग, व्याकरण, खाडाखोड काही बघायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असंच लिहायचं. शब्द अडला तर बिनधास्त मराठी टाका. लिहून झाल्यावर त्यातलं एक वाक्य निवडा आणि उद्याची दहा मिनिटं त्याच वाक्यापासून सुरू करा.