गाजर गवताचा इसब व पोटात घ्यायच्या गोळ्या



आपल्या पालम भागात बांधावर, चारीच्या कडेला गाजर गवत माजते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे गवत आज देशभर पसरले आहे. काहींना त्यामुळे इसब होतो. पापण्या, मान, कोपराची लवण लाल होऊन खाजते, कातडी जाड पडते. हा इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा रोग्याचे ताट-अंथरूण वेगळे करू नये.

मलमाने भागले नाही तर त्वचारोगतज्ज्ञ पोटातून गोळ्या देतात. त्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून खाज थांबते. पण पथ्य सांभाळलेच पाहिजे.

१) मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी घ्यावी. रोज घेतल्यास तोंड येते, रक्तातील पेशी घटतात, जिवावर बेतते. वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा. दारू वर्ज्य.

२) स्टेरॉइडची गोळी बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नये. डॉक्टर सांगतील तशी कमी करावी.

३) मेथोट्रेक्सेट किंवा ॲझाथायोप्रिन चालू असता रक्ततपासणी चुकवू नये, मग ऊसतोड ऐन भरात का असेना. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

४) मूल हवे असल्यास नवरा-बायकोने आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळ्या चालू आहेत, आता काय होतंय, असे म्हणून रोग्याने गवत उपटायला जाऊ नये. वाळल्या गवताची धूळही बाधते. घरातल्या दुसऱ्याने हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी ते मुळासकट काढावे.

– ऊस विकास अधिकारी