शिल्पकार वस्ताद

खेळाचा वस्ताद थोर केव्हा म्हणावा? त्याने किती चषक जिंकले ते मोजून, की त्याच्या हाताखालून कशी माणसे निघाली ते पाहून? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस अमेरिकेतील एका लॅक्रोस-शिक्षकाचे चरित्र उद्बोधक वाटते. धाकटे रॉय सिमन्स हे न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या पुरुष संघाचे 1971 पासून 1998 पर्यंत मुख्य शिक्षक होते.

लॅक्रोस आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून आधी खेळाविषयी दोन शब्द. दोन्ही बाजूंस दहादहा गडी असतात. प्रत्येकाच्या हाती टोकाला जाळी लावलेली काठी असते. त्या जाळीत रबरी चेंडू झेलावयाचा, धावताना सांभाळावयाचा आणि सहा फूट लांबी-रुंदीच्या गोलात मारावयाचा. हा खेळ युरोपीयांनी तिकडे नेलेला नव्हे. तो तेथील मूळ रहिवाशांचा. सिरॅक्यूज शहराच्या दक्षिणेसच ऑनोंडागा लोकांची वसाहत आहे. हा खेळ सृष्टिकर्त्याने दिला, त्याच्या संतोषासाठी आणि आजाऱ्याला आराम पडावा म्हणून तो खेळावयाचा, अशी त्यांची श्रद्धा आहे.

सिमन्स यांना हा वारसा घरीच मिळाला. त्यांचे वडील, थोरले रॉय सिमन्स, 1931 पासून 1970 पर्यंत याच संघाचे शिक्षक होते. 1957 साली वडिलांच्या अजिंक्य संघात धाकटे सिमन्स खेळले. त्यांच्या सोबत्यांत पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये विख्यात झालेला कृष्णवर्णीय खेळाडू जिम ब्राउन होता, आणि गोलरक्षक होता ऑनोंडागा लोकांपैकी ओरेन लायन्स. वेगवेगळ्या रक्ताची माणसे एका जिद्दीने खेळतात, हे त्यांनी तरुणपणीच अनुभवले.

सिमन्स शिल्पकार होते आणि विद्यापीठात शिल्पकला शिकवीत. चांगला शिल्पकार दगडाचा कस ओळखून मग छिन्नी लावतो. सिमन्सही गड्याचा कल पाहून त्याला मोकळीक देत, असे त्यांच्या संघाच्या वेगवान, मुक्त खेळावरून आम्हांस वाटते. मात्र मोकळिकीचे फळ उशिरा येते. पहिली बारा वर्षे राष्ट्रीय विजेतेपद हाती आले नाही. 1983 च्या अंतिम सामन्यात जॉन्स हॉपकिन्सविरुद्ध संघ 5–12 असा मागे पडला होता; तो 17–16 असा जिंकला. तेव्हापासून 1998 पर्यंत सलग सोळा वर्षे हा संघ शेवटच्या चारांत पोहोचला. 1988 साली गॅरी गेट या कॅनडातील खेळाडूने गोलाच्या मागून उडी घेऊन वरच्या दांडीवरून चेंडू आत घातला, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. करड्या शिस्तीच्या शिक्षकाने असला खटाटोप करू दिला असता काय, याची आम्हांस शंका आहे.

परंतु याच चरित्रात एक बोचरे पान आहे. 1988, 1989 आणि 1990 अशी ओळीने तीन विजेतेपदे मिळाली. पुढे असे आढळले की, गॅरीचा जुळा भाऊ पॉल याच्या मोटारीच्या कर्जाला सिमन्स यांच्या पत्नीने जामीन म्हणून सही केली होती. विद्यार्थी-खेळाडूस असे साहाय्य करणे नियमाला धरून नव्हते. 1990 चे विजेतेपद रद्द झाले. मैदानावर सहा विजेतेपदे मिळाली, नोंदीत पाच उरली.

येथे कोणाची बाजू घ्यावी? नियम अन्यायाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. उद्या धनिक विद्यापीठांनी ममतेच्या नावाखाली गडी विकत घेऊ नयेत, म्हणूनच तो केलेला असतो. शिक्षकाच्या घरच्या ममतेलाही मर्यादा पाळावी लागते, हा त्यातला कडू धडा होय.

तरी रद्द झाले ते विजेतेपद. विद्या रद्द झाली नाही. सिमन्स यांच्यामागून त्यांचाच शिष्य जॉन डेस्को शिक्षक झाला आणि त्याने पाच विजेतेपदे मिळविली. 2021 साली ती जागा गॅरी गेट याच्याकडे आली. वस्तादाची खरी नोंद पाहावयाची ती अशा शिष्यपरंपरेत, असे आम्हांस वाटते.